कणीदार छताची दुरुस्ती

घराच्या छताकडे मनुष्य सहसा पाहत नाही. भिंतीवर डाग पडला तर तो त्याच दिवशी नजरेस येतो. छताचा डाग मात्र एखादे दिवशी आजारपणामुळे अंथरुणावर उताणे पडून राहण्याची वेळ आली, किंवा वरून सुटलेला पोपडा पायाखाली आला, म्हणजेच ध्यानात येतो. मग घरधनी शिडी आणतो, हाती लोखंडी पट्टी घेतो आणि सुटलेला भाग खरवडू लागतो. काम किरकोळ दिसते. परंतु छत कोणत्या पदार्थाचे आहे हे ठाऊक नसताना केलेल्या त्या अर्ध्या तासाच्या खरवडीचे परिणाम कित्येकदा वीस-तीस वर्षांनंतर भोगावे लागतात. ते का, आणि असे छत दुरुस्त करण्याची योग्य रीत कोणती, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

कणीदार छत म्हणजे काय?

अमेरिका व कॅनडा ह्या देशांत दुसऱ्या महायुद्धानंतर घरे फार झपाट्याने बांधली गेली. त्यांपैकी बहुतेक घरांचा सांगाडा लाकडी असतो. वरच्या लाकडी तुळयांना खालच्या बाजूने जिप्समचे तक्ते ठोकले, की छत तयार होते. जिप्समचा लगदा दोन जाड कागदांच्या मध्ये दाबून हे तक्ते करतात. अशा तक्त्याचा मूळ नमुना ऑगस्टिन सॅकेट ह्या अमेरिकन संशोधकाने केला व १८९४ साली त्याचे पेटंट घेतले. नेहमीचा तक्ता ८ फूट लांब, ४ फूट रुंद व अर्धा इंच जाड असतो, आणि त्याचे वजन २० ते २५ किलोग्रॅम भरते.

दोन तक्ते शेजारी शेजारी बसविले म्हणजे मध्ये सांधा उरतो. त्यावर कागदी पट्टी चिकटवून वरून लांबी भरतात आणि ती घासून सपाट करतात. भिंतीच्या बाबतीत हे काम कठीण नाही. परंतु मान वर करून, हात उंच धरून, संपूर्ण छत आरशासारखे सपाट करणे हे कुशल कारागिरालाही जिकिरीचे जाते. म्हणून एक सोपी युक्ती रूढ झाली. खडूची भुकटी, चिकट द्रव्य, पाणी आणि हलके कण ह्यांचे दाट मिश्रण दाबाच्या हवेने छतावर फवारावयाचे, की काही मिनिटांत सारे छत दाणेदार होऊन जाते. हे छत मक्याच्या लाह्या चिकटविल्यासारखे दिसते, म्हणून अमेरिकेत त्यास ‘पॉपकॉर्न सीलिंग’ असेच नाव पडले. १९५० ते १९८० च्या दशकांत ही पद्धत तेथे सर्रास चालू होती. इंग्लंडमध्ये कुंचल्याने वा फणीने नक्षी उठविलेली ‘आर्टेक्स’ नावाची छते त्याच सुमारास लोकप्रिय झाली. उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या काही मराठी कुटुंबांनी विकत घेतलेली घरेही ह्याच काळात बांधलेली आहेत. त्यामुळे हा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या आप्तेष्टांचाही आहे.

कणी कशासाठी?

ह्या कणीमुळे खोलीतील आवाज घुमत नाही, असे पुष्कळदा सांगण्यात येते. ह्या म्हणण्यात तथ्य थोडेच आहे. ध्वनीचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. सेकंदाला १००० कंपने असणाऱ्या स्वराची तरंगलांबी त्यामुळे सुमारे ३४ सेंटिमीटर येते. दोन-तीन मिलिमीटरांचे उंचवटे एवढ्या मोठ्या लाटेला जवळजवळ सपाटच वाटतात. मिश्रण सच्छिद्र असल्यास ते थोडा ध्वनी शोषून घेते, इतकेच.

कणीचा खरा उपयोग आहे तो डोळ्यांना फसविण्याचा. खिडकीतून येणारा प्रकाश छताला अगदी तिरपा, जवळजवळ घासून जातो. प्रकाशकिरण छताशी ३ अंशांचा कोन करीत असतील, तर केवळ १ मिलिमीटर उंचीच्या उंचवट्याची सावली सुमारे १९ मिलिमीटर लांब पडते. सपाट छतावर सांध्याचा किंचितसा फुगवटाही म्हणूनच ठळक दिसतो. उलट, सर्वत्र हजारो लहान दाणे असले, की त्यांच्या सावल्यांच्या गर्दीत सांध्याची एकटी सावली हरवून जाते.

हे तत्त्व वाचकांनी नीट ध्यानात ठेवावे. कारण दुरुस्तीतील खरी अडचणही ह्यातूनच निर्माण होते. सावल्यांच्या ह्या सारख्या विणीत कोठे खंड पडला, तर डोळा तो तत्काळ टिपतो. सपाट छताला ठिगळ लावताना जागा सपाट करणे पुरते. कणीदार छताला ठिगळ लावताना तीच वीण पुन्हा विणावी लागते.

जिप्समचा गुण

जिप्सम हे कॅल्शियम सल्फेटाचे खनिज होय. आपल्या देशातील त्याचे उत्पादन बहुतांशी राजस्थानात होते. ह्या खनिजाच्या स्फटिकांत पाणी बांधलेले असते. १०० किलोग्रॅम शुद्ध जिप्सममध्ये सुमारे २१ किलोग्रॅम पाणी असते, आणि तरीही दगड हाताला कोरडाच लागतो. तो १२० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, की त्यातील तीनचतुर्थांश पाणी वाफ होऊन निघून जाते व मागे पांढरी भुकटी राहते. पॅरिस शहरातील माँमार्त्र टेकडीच्या परिसरात ह्या खनिजाच्या खाणी होत्या, त्यावरून तिला ‘प्लास्टर ऑफ पॅरिस’ हे नाव मिळाले.

ह्या भुकटीत पाणी मिसळले, की ती गमावलेले पाणी पुन्हा जोडून घेते. सुईसारखे बारीक स्फटिक तयार होतात, ते एकमेकांत गुंततात आणि मिश्रण घट्ट होते. ह्या वेळी उष्णता बाहेर पडते. भांड्याला हात लावला तर ते कोमट लागते. विशेष म्हणजे घट्ट होताना हे मिश्रण आकसत नाही, किंचित फुगते. भेगेच्या कानाकोपऱ्यात ते पक्के बसते ह्याचे कारण हेच.

परंतु ह्या गुणाबरोबर एक दोषही आहे. जिप्सम पाण्यात अल्प प्रमाणात, लिटरला सुमारे २ ग्रॅम, विरघळते. एकदा भिजून वाळला तर तक्ता बहुधा तग धरतो; वारंवार भिजला तर त्याचे स्फटिक सैल होतात, वरचा कागद सुटतो आणि तक्ता मधोमध लोंबू लागतो. कणीचे मिश्रण तर त्याहून कोमल असते. त्यातील चिकट द्रव्य पाण्याने मऊ होते, व रंग न दिलेली कणी ओल्या बोटाच्या स्पर्शानेही निघून येते.

छत का बिघडते?

छत बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण पाणी. छपरातील फट, वरच्या न्हाणीघराचा नळ, किंवा थंड देशांत छपराच्या पोकळीत गोठून वितळणारी बाष्पाची दवे, ह्यांपैकी कशाचेही पाणी तक्त्याच्या पाठीवर साठते. ते लाकूड, कागद व धूळ ह्यांतील रंगद्रव्ये विरघळवून खालच्या पृष्ठभागावर आणते. पाणी उडून जाते आणि तांबूस डाग मागे राहतो. ह्या डागाची कड मधल्या भागापेक्षा गडद असते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. थेंब वाळताना कडेचे पाणी अधिक वेगाने उडून जाते, ते भरून काढण्यासाठी मधले पाणी कडेकडे वाहते आणि आपल्याबरोबर रंगाचे कण तेथे नेऊन टाकते. सांडलेल्या कॉफीचे वलय असेच होते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ मध्ये ह्या घटनेचा उलगडा प्रसिद्ध केला.

दुसरे कारण हालचाल. लाकडी तुळया ऋतुमानाप्रमाणे फुगतात व आकसतात. त्यामुळे सांध्यावर सरळ रेषेत भेग पडते किंवा खिळ्याचे डोके खाली डोकावते. तिसरे कारण आपणच: दिवा बदलताना लागलेला धक्का, कपाट सरकविताना घासलेली कड, किंवा जाळी काढताना जोराने फिरविलेला झाडू.

दुरुस्तीपूर्वी कारण शोधून काढलेच पाहिजे. ह्यासाठी एक सोपा उपाय आहे. डागाच्या कडेवर पेन्सिलीने बारीक रेषा ओढून शेजारी तारीख लिहावी. पुढचा जोराचा पाऊस झाल्यावर किंवा वरचे न्हाणीघर आठवडाभर वापरल्यावर डाग रेषेबाहेर गेला, तर गळती चालू आहे असे समजावे. गळती बंद न करता केलेली दुरुस्ती म्हणजे बुडत्या होडीला रंग देण्यासारखे आहे.

छत फुगून खाली आले असेल, तर मात्र पाहत बसू नये. १ चौरस मीटर जागेत १ सेंटिमीटर पाणी साठले, तर त्याचेच वजन १० किलोग्रॅम होते, आणि भिजलेल्या तक्त्यात ते पेलण्याचे बळ राहिलेले नसते. अशा वेळी त्या खोलीची वीज बंद करावी, खालून माणसे व सामान हलवावे आणि जाणकारास बोलवावे.

खरवडण्यापूर्वी

आता ह्या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. कणीच्या मिश्रणाला बळकटी यावी, ते आगीला दाद न देणारे व्हावे, म्हणून कित्येक वर्षे त्यात ॲस्बेस्टॉस मिसळले जात असे. हे एक तंतुमय खनिज होय. त्याच्या ‘क्रायसोटाइल’ नावाच्या प्रकाराचा उपयोग अशा छतांत होई. त्याचे तंतू उभे चिरत जातात आणि शेवटी इतके बारीक होतात, की माणसाचा केस त्यांच्यापुढे दोरखंडासारखा वाटावा. असे तंतू हवेत तासन् तास तरंगत राहतात, श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातात आणि तेथेच रुतून बसतात. शरीराला ते विरघळविता येत नाहीत व सहजासहजी बाहेर टाकताही येत नाहीत.

ह्यातून फुप्फुसे निबर होण्याचा विकार, फुप्फुसांचा कर्करोग, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा ‘मेसोथेलिओमा’ नावाचा कर्करोग उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेने ॲस्बेस्टॉसचे सर्वच प्रकार कर्करोगास कारणीभूत मानले आहेत. हे रोग लगेच दिसत नाहीत; तंतू शरीरात गेल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत बहुधा २० ते ५० वर्षे लोटतात. ज्याने ऐन तारुण्यात एक छत खरवडले, त्याला उतारवयात त्या दिवसाची आठवणही नसते.

अमेरिकन सरकारने १९७३ साली आग व उष्णता ह्यांपासून संरक्षण देण्याकरिता ॲस्बेस्टॉस फवारण्यास बंदी केली आणि १९७८ साली ती शोभेच्या फवारणीलाही लागू केली. परंतु बंदीपूर्वी तयार झालेला माल पुढेही काही काळ वापरला गेला. म्हणून १९८० च्या दशकातील घरांविषयीही सावध राहणे इष्ट ठरते. ब्रिटनमध्ये नक्षीच्या मिश्रणात क्रायसोटाइल १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत येत असे. तेथे त्याच्या आयातीवर, विक्रीवर व वापरावर १९९९ साली पूर्ण बंदी आली. ह्याखेरीज काही कणीदार छतांत ‘व्हर्मिक्युलाइट’ नावाचे फुलविलेले खनिज वापरलेले असते. माँटाना राज्यातील लिबी येथील खाणीतून निघालेल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये ॲस्बेस्टॉसची भेसळ नैसर्गिकरीत्याच होती, आणि ती खाण १९९० पर्यंत चालू होती.

डोळ्यांनी पाहून, बोटाने चोळून किंवा रंगावरून ॲस्बेस्टॉस ओळखता येत नाही. ते प्रयोगशाळेतच, ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे ज्या पदार्थात ते १ टक्क्याहून अधिक आढळते, तो पदार्थ ॲस्बेस्टॉसयुक्त समजला जातो. नमुना काढण्याचे काम शिकलेल्या माणसाकडूनच करवून घेणे उत्तम. तो आधी जागेवर पाण्याचा बारीक फवारा मारतो, ती नीट भिजू देतो, मग लहानसा तुकडा पूर्ण जाडीसकट काढून बंद पिशवीत घालतो. भिजविण्याचे कारण उघड आहे: ओले तंतू उडत नाहीत.

तपासणीत ॲस्बेस्टॉस आढळले, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. जे छत अखंड आहे, ज्याला कोणी डिवचत नाही, ते सहसा तंतू सोडीत नाही. अशा छताला हात न लावणे हीच पुष्कळदा सर्वांत सुरक्षित गोष्ट ठरते. तेच छत तुटू लागले असेल, तर ते लेप देऊन बंदिस्त करणे अथवा काढून टाकणे हे काम त्याच व्यवसायातील परवानाधारक लोकांचे होय. घरच्या माणसांनी ते झाडू नये, घासू नये, त्यास भोके पाडू नयेत. पडलेला चुरा साध्या यंत्राने शोषूनही घेऊ नये, कारण त्या यंत्राच्या गाळणीतून हे तंतू पार होतात व घरभर पसरतात.

जुन्या रंगाचीही एक शंका असते. अमेरिकेत घरगुती रंगांत शिसे वापरण्यास १९७८ साली बंदी झाली. त्यापूर्वीच्या रंगाची कोरडी भुकटी लहान मुलांच्या मेंदूस अपायकारक असते. म्हणून जुन्या छताच्या रंगाचीही तपासणी करून घ्यावी.

ह्यापुढे सांगितलेली रीत, ज्या छतात ॲस्बेस्टॉस व शिसे नाही अशी खात्री झाली आहे, त्याच छतासाठी आहे.

पूर्वतयारी आणि खरवड

खोलीतील सामान बाहेर काढावे; जे निघत नाही ते व जमीन प्लास्टिकच्या कापडाने झाकावी. छताच्या दिव्याची वीज मुख्य कळीपाशी बंद करावी. डोळ्यांवर चष्मा व नाकातोंडावर धूळ अडविणारा मुखवटा बांधावा. खडूची भुकटी विषारी नसली, तरी फुप्फुसांना ती नकोशीच असते. शिडी चारी पायांवर स्थिर उभी करावी. छताच्या कामात होणारे अपघात बहुतेक वेळा शिडीवरून लांब हात करण्याच्या मोहातूनच घडतात.

बिघडलेल्या भागावर कोमट पाण्याचा हलका फवारा मारून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. रंग न दिलेली कणी पाणी पिऊन मऊ होते आणि रुंद पट्टीने लोण्यासारखी निघते. कणीवर तेलाचा अगर तत्सम रंग असेल, तर पाणी आत शिरत नाही. तेथे फक्त जे आपोआप सुटले आहे तेवढेच हलक्या हाताने काढावे. पाणी फार मारू नये. खालच्या तक्त्याचा कागद भिजला, तर एका दुरुस्तीच्या दोन होतात.

काढलेल्या जागेची कड सरळ चौकोनी ठेवू नये. निसर्गात सरळ रेषा क्वचित आढळतात, म्हणून डोळा त्या चटकन पकडतो. कड वेडीवाकडी ठेवावी आणि ओल्या स्पंजाने ती उतरती करावी, म्हणजे जुनी कणी हळूहळू विरळ होत मोकळ्या जागेत मिळून जाते.

भराव

बारीक भेग तशीच बुजविली, तर ती पुन्हा उमटते. ती पट्टीच्या टोकाने थोडी रुंद करावी, भुकटी झाडावी, लांबीचा पातळ थर देऊन त्यात कागदी पट्टी दाबावी व वर दुसरा थर द्यावा. पट्टीतील कागदाचे तंतू ताण सहन करतात. केवळ लांबीला तो सहन होत नाही.

खिळा बाहेर डोकावत असेल, तर तो ठोकून आत घालण्याने भागत नाही. त्याची पकड गेलेली असते. त्याच्या दोन्ही बाजूंस थोड्या अंतरावर तुळईत स्क्रू बसवून तक्ता वर ओढून घ्यावा, मग खिळा काढून टाकावा.

तक्त्यालाच भोक पडले असेल, तर ते चौकोनी कापून घ्यावे. कापण्यापूर्वी आत विजेची तार वा नळ नाही ह्याची खात्री करावी. आतल्या बाजूने भोकाहून लांब अशा दोन लाकडी पट्ट्या आडव्या धराव्यात, त्या जुन्या तक्त्यातून स्क्रूने आवळाव्यात, आणि त्यांवर तितक्याच जाडीच्या नव्या तक्त्याचा तुकडा बसवावा. नंतर चारी सांध्यांवर पट्टी व लांबी येते.

लांबी दोन प्रकारची असते. एक पाणी उडून गेल्याने वाळते. ती खडूच्या भुकटीची असते, वाळताना आकसते, म्हणून तिचे थर पातळ द्यावेत आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. दमट हवेत ह्यास एक दिवसाहूनही अधिक वेळ लागतो. दुसरी जिप्समची, ती पाणी जोडून घट्ट होते, फारशी आकसत नाही, म्हणून खोल भरावास तीच चांगली. ती कालविताना भुकटी पाण्यात टाकावी, पाणी भुकटीत नव्हे. म्हणजे गुठळ्या होत नाहीत. आणखी एक गोष्ट: भांडे प्रत्येक वेळी स्वच्छ धुवावे. भांड्याला चिकटलेले जुने कण नव्या मिश्रणात बीजासारखे काम करतात. त्यांच्याभोवती स्फटिक भराभर वाढतात व मिश्रण हातातच दगड होऊन बसते. साखरेच्या घट्ट पाकात साखरेचा एखादा दाणा पडला म्हणजे जे घडते, तेच येथे घडते.

भराव वाळल्यावर कोरड्या काचकागदाने घासण्यापेक्षा ओल्या स्पंजाने सारखा करावा. काम सावकाश होते, पण धूळ उडत नाही.

डाग झाकणे

पाण्याच्या डागावर सरळ पांढरा रंग लावला, तर दुसऱ्या दिवशी डाग वर हजर होतो. रंगातील पाणी डागातील द्रव्य पुन्हा विरघळविते व वाळताना तेच पृष्ठभागावर आणून सोडते. डाग ज्या मार्गाने पहिल्यांदा आला, त्याच मार्गाने तो परत येतो. म्हणून ज्यात पाणी नाही असे अस्तर आधी द्यावे लागते. ह्यासाठी लाखेचे अस्तर उत्तम. ही लाख म्हणजे आपल्या कुसुम, पळस व बोरीच्या झाडांवर राहणाऱ्या कीटकाने स्रवलेली राळ होय. झारखंड हे तिच्या उत्पादनात अग्रेसर आहे. सुतार ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात, तेही लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच केलेले असते. स्पिरिट ज्वालाग्राही असल्यामुळे हे काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास ज्योत, विडी किंवा शेगडी असू नये.

नवी कणी

आता वीण पुन्हा विणावयाची. लहान जागेकरिता कणीचे मिश्रण दाबाच्या डब्यांत तयार मिळते. मोठ्या जागेकरिता भुकटी आणून कालवावी लागते व फवारायंत्राने उडवावी लागते. नव्या मिश्रणांत ॲस्बेस्टॉसऐवजी पॉलिस्टायरीन ह्या प्लास्टिकचे हलके मणी किंवा तत्सम द्रव्ये असतात. कुंचल्याने उठविलेल्या नक्षीकरिता लांबी थोडी पातळ करून तिच्यात ताठ कुंचला किंवा स्पंज टेकवून तो सरळ मागे ओढतात. प्रत्येक वेळी मनगट थोडे फिरवावे, म्हणजे एकच ठसा पुन:पुन्हा उमटत नाही.

पहिला प्रयोग छतावर करू नये. पुठ्ठ्याचा मोठा तुकडा घेऊन त्यावर कणी उठवावी, वाळू द्यावी, मग तो छताला टेकवून खिडकीच्या उजेडात शेजारच्या जुन्या कणीशी ताडून पाहावा. दाणे लहान दिसले तर मिश्रण घट्ट करावे, मोठे दिसले तर पातळ. दोन-तीन पुठ्ठे वाया गेले तरी हरकत नाही. छतावर हात सतत फिरता ठेवून कणी विरळच द्यावी; कमी पडली तर वाढविता येते, जास्त झालेली मात्र खरवडूनच काढावी लागते.

कणी पूर्ण वाळल्यावर रंग द्यावा, आणि तो ठिगळापुरता न देता संपूर्ण छताला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत द्यावा. जुना पांढरा रंग धूर व उन्हाने पिवळसर झालेला असतो. त्यात नवा शुभ्र तुकडा लपत नाही. रंग लांब लव असलेल्या रुळाने, एका दिशेने, न घोळविता द्यावा. तोच भाग पुन:पुन्हा रुळाखाली आला, तर ओलावलेली कणी सुटून रुळाला चिकटते.

आपल्याकडील छते

भारतातील घरांत पॉपकॉर्नची कणी फारशी आढळत नाही. परंतु वर सांगितलेल्या गोष्टींचा आपणांस उपयोग नाही असे नव्हे. प्लास्टर ऑफ पॅरिसची शोभेची छते आता आपल्या शहरांत पुष्कळ झाली आहेत. त्यांचा गुणदोष जिप्समचाच. न्हाणीघराच्या ओलाव्यात ती टिकत नाहीत.

आपली बहुतेक पक्की छते लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटची असतात. तेथे पोपडा पडला, तर तो केवळ गिलाव्याचा आहे की काँक्रीटचा, हे प्रथम पाहावे. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असल्यामुळे आतील लोखंड गंजत नाही. कालांतराने हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, हा अल्कधर्म क्षीण होतो आणि ओलावा मिळताच सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्या दाबाने खालचे काँक्रीट फुटून पडते. उघडी पडलेली तांबडी सळई दिसली, किंवा छत लाकडी दांड्याने हलके ठोकल्यावर बऱ्याच भागात पोकळ आवाज आला, तर तेथे लांबी थापून रंग देणे म्हणजे दुखणे झाकणे होय. ते काम स्थापत्य अभियंत्याला दाखविलेच पाहिजे.

ॲस्बेस्टॉसही आपणांस परके नाही. घरे, शाळा, गोदामे व कारखाने ह्यांवर घातलेल्या सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांत ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आहे. अखंड पत्र्यात तंतू सिमेंटने जखडलेले असतात. पण पत्रा करवतीने कापला, त्यास भोके पाडली किंवा शेवाळ काढण्यासाठी तो कोरडा घासला, की ते मोकळे होतात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या धंद्यातील कामगारांविषयीच्या खटल्यात निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. जो नियम कारखान्यातील कामगारास, तोच आपल्या छपरावर चढलेल्या मजुरासही लागू आहे, हे गृहस्थाने विसरू नये. त्यास पत्रा फोडावयास सांगण्याऐवजी तो भिजवून, अखंड उतरवून घ्यावा.

छताच्या दुरुस्तीचे सार थोडक्यात असे: पाणी कोठून आले ते शोधावे, छत कशाचे आहे ते तपासून घ्यावे, जे धोक्याचे आहे त्याला हात लावू नये, आणि जे आपले काम आहे ते घाई न करता, थराथराने करावे. ह्यांपैकी पहिल्या तीन गोष्टींना हत्यार लागत नाही. शिडी लावण्यापूर्वी त्या पुऱ्या झाल्या, तर चौथी गोष्ट फारशी अवघड राहत नाही.